सड्यावरचा पावसाळी मुक्काम : दुसऱ्या हंगामाच्या नोंदी

जागा : आंबोली पट्टा, सिंधुदुर्ग. उंची सुमारे ७०० मीटर, वर्षाचा पाऊस सुमारे ७,००० मिमी, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. मुक्कामाची घरं (पाहुण्यांना ठेवून घेणारी गावातली घरं) ६, रात्रीची पायवाट १ (पाहुण्यांच्या फेरीची, ९०० मीटर), साकव (वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल) १. गावाचं आणि वहाळाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. बेडकांच्या डबक्यांच्या जागा फोटोंसोबत फुटतात आणि मग गाडीभर माणसं परस्पर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) चढतात.

१४ एप्रिल

घर क्र. २ आणि ५ च्या संडासांचे खड्डे. गेल्या जुलैत दोन्हीकडे पाणी उलटं आलं. मिस्त्रीने खड्डे नेहमीच्या मापाने घेतले होते : व्यास १ मीटर, खोली १.२ मीटर, भोवती जाळीदार बांधकाम. उन्हाळ्यात माप बरोबर वाटतं. जुलैत जांभ्यातलं पाणी वर येतं, खड्डा बाहेरूनच भरतो आणि आतलं मुरायला जागा उरत नाही.

या वेळी खड्डा जमिनीखाली ७५ सेंमी आणि जमिनीवर ६० सेंमी. वरच्या भागाचं बांधकाम बंद सांध्याचं, भोवती मातीची भर, भरीवर पाणी न टिकणारा उतार. त्यामुळे संडासाचं जोतं उचलावं लागलं आणि ४ पायऱ्या वाढल्या. म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी कठडा लागेल, तो अजून व्हायचा आहे. दोन खड्डे आळीपाळीने वापरायचे. एक भरला की तोंड बदलायचं आणि पहिला किमान वर्षभर बंद ठेवायचा.

विहिरीपासून अंतर ३० मीटर आणि तेही उताराच्या खालच्या अंगाला. बारीक मातीत याहून कमी चालतं, पण जांभा म्हणजे भोकांचा दगड. भेगेतून पाणी कुठे निघेल ते वरून कळत नाही. घर ५ ला ३० मीटर मिळत नव्हते. तिथे शेजाऱ्याच्या परड्यात जागा घेतली आणि कागद केला.

पन्हळीचं पाणी खड्ड्यावर पडत होतं. पन्हळ वळवली. खरं तर निम्मा दोष तिचाच होता.

२ मे

पायवाटेचं मुख्य काम. माणसं ९, दिवस ६.

गेल्या वर्षी पाणी बाहेर काढायला वाटेत १२ दगडी ओळी काटकोनात टाकल्या होत्या. त्यांतल्या ८ मागे गाळ साचला, पाणी ओळीच्या टोकाला वळसा घालून गेलं आणि तिथेच घळ पडली. या वर्षी :

– ओळी वाटेशी साधारण ४५ अंशांत तिरप्या. खालच्या टोकाला ६० सेंमी रुंद मोकळं तोंड, पुढे दगडांचा थर, म्हणजे पाणी पडतं तिथे खड्डा होत नाही.
– जिथे जमलं तिथे ओळच काढून टाकली आणि चढत्या वाटेला ३-४ मीटरपुरता उलटा, किंचित उतार दिला. पाणी त्या खोलगटीतून आपोआप बाहेर जातं. दगड लागत नाही, गाळ काढावा लागत नाही. हे आधीच करायला हवं होतं.
– वाटेची रुंदी ७० सेंमी, खालच्या अंगाला ५ टक्के कल. याहून जास्त कल दिला की चिखलात पाय घसरतो.
– वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट सोडून बाहेर जातच नाही, वाटच ओढा होते. ३१० ते ३७० मीटरचा टप्पा या हिशेबात बसत नव्हता. तो सोडून नवं वळण काढलं. जुन्या टप्प्यावर पाला आणि फांद्या आडव्या टाकल्या, नाहीतर माणूस सरळच जातो.

पायऱ्यांसाठी चिरे ६४. मशीनने कापलेल्या चिऱ्याची बाजू गुळगुळीत असते आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर शेवाळ येतं. म्हणून टाकीने खरबरीत केलेली बाजू वर. शेवाळ तारेच्या ब्रशने काढायचं, ब्लीच ओतायचं नाही. वाटेचं सगळं पाणी शेवटी वहाळात जातं.

१९ मे

साकव. पोफळीचे दांडे ७, लांबी ४.५ मीटर. गेल्या वर्षीचे ऑक्टोबरपर्यंत टिकले, पण गाभा गेला होता. दाबला की बोट आत. बांबूचा प्रस्ताव आला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमध्ये बुडवलेला बांबू छपराखाली चांगला टिकतो. उघड्या पावसात मात्र ते क्षार धुऊन जातात, कारण ते बांबूत घट्ट बसत नाहीत, पाण्यात विरघळतात. तेव्हा पोफळच, दरवर्षी नवी. गावात मिळते, दोन माणसं अर्ध्या दिवसात बदलतात.

दांड्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून खिळ्यांनी ठोकली. निसटणं थांबतं. जाळीची टोकं खाली वळवायची, नाहीतर बोटं फाटतात.

धरायला काथ्याचा दोर होता, तो दिसायला चांगला आणि ऑगस्टमध्ये कुजका. १२ मिमीचा नायलॉन लावला.

साकवाच्या खांबावर दांड्यांच्या ४० सेंमी खाली लाल पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला लागलं की त्या रात्रीची फेरी रद्द, पैसे पूर्ण परत. इथे पाऊस नसला तरी वरच्या अंगाला पडतो आणि अर्ध्या तासात वहाळ चढतो. पलीकडे अडकलेल्या ८ माणसांना परत आणायला दुसरी वाट नाही.

२८ मे

बूट धुण्याची जागा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे. ती ओल्या चिखलातून एका पाणथळीतून दुसरीकडे जाते आणि आमचा पाहुणा आदल्या दिवशी बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी धबधब्यावर असतो.

व्यवस्था : दोन घमेली. पहिल्यात साधं पाणी आणि कुंच्याचा ब्रश. दुसऱ्यात ४ टक्क्यांचं घरगुती ब्लीच १ लिटर आणि पाणी ३ लिटर, म्हणजे साधारण १ टक्का. तळवे त्यात किमान १ मिनिट. क्रम चुकला तर उपयोग शून्य : चिखल क्लोरीन खातो. आधी चिखल जायलाच हवा, खाचांमधला काडीने. दुसरं घमेलं रोज संध्याकाळी ताजं, झाकून ठेवलेलं.

वापरलेलं पाणी वहाळात नाही. २० मीटर दूर पाल्याने भरलेल्या खड्ड्यात. इथल्या पाण्यात काय आहे ते सगळं अजून कुणी मोजलेलं नाही. हिरण्यकेशीच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा शास्त्राला २०२० मध्ये कळला, २०२१ मध्ये तिथलं २.११ हेक्टर जैवविविधता वारसा स्थळ झालं. देवळाजवळचं कुंड, लोक शतकानुशतकं पाया पडतात, तरी मासा नावाशिवायच होता.

६ जून

सड्यावर खुंट्या ठोकल्या. लोखंडी, ४५ सेंमी, संख्या ४०, दर १५ मीटरवर. वर परावर्तक पट्टी. डबक्यांच्या भागात खुंट्यांना दोरी, डबक्याच्या काठापासून ३ मीटर.

इथला सगळ्यात नाजूक रहिवासी आंबोली टोड, बेडकाच्या जातीतला. २००९ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदला गेला, शास्त्रीय नावातला 'टायगरिना' कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे. जगभरात याच पट्ट्यात सापडतो, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त. तो पहिल्या पावसांत सड्यावरच्या उथळ, काही सेंटिमीटर खोल डबक्यांत अंडी घालतो. डबकं कसलं, दगडातला खळगाच तो. त्यात एक बूट पडला की त्या जोडीची वर्षाची मेहनत गेली. शिवाय माणसाला ते डबकं वाटतच नाही, 'ओला दगड' वाटतो. म्हणून दोरी.

११ जून

डबकी मोजली. २४ खुणेची डबकी, ९ मध्ये अंडी. पुढचे ४ दिवस उघडीप राहिली तर उथळ डबकी आटतील, त्यात कुणी काही करायचं नाही. हाताने पाणी ओतायची सूचना आली होती, नाकारली. विहिरीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं.

पहिले १५ दिवस सडा पाहुण्यांना बंद. फेरी फक्त रानातल्या वाटेने. बुकिंग करणाऱ्याला हे फोनवरच सांगायचं. आल्यावर सांगितलं की वाद होतो.

गडगडाट असेल तर सडा सगळ्यांनाच बंद, आमच्या माणसांनाही. विजा जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस परतताना असतात, मधल्या दोन महिन्यांत फारशा नाहीत.

२२ जून

रात्रीची फेरी सुरू. नियमांची शेवटची प्रत, गाइडच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये :

पाहुणे ८, गाइड २, एक पुढे एक मागे. साडेसात ते साडेनऊ. गव्यांच्या ताज्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत.

धुक्यात डोक्यावरची टॉर्च निरुपयोगी. प्रकाश डोळ्यांजवळून निघतो, धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत. टॉर्च हातात, कमरेच्या खाली. हे गेल्या वर्षी कळायला महिना लागला.

अंगाला डासांचं मलम लावायचं नाही, लावायचं तर कपड्यांवर. बेडूक त्वचेतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, हाताला लागलेलं त्याच्या अंगात जातं. हात लावायचा नाहीच, पण वाकलेल्या फांदीवर हात पडतो आणि तिथे कुणीतरी बसलेलं असतं.

आवाज वाजवून बेडूक किंवा पक्षी बोलावायचे नाहीत. जोडीवर फ्लॅश नाही. मोबाइलचं लोकेशन बंद करूनच फोटो.

जळवा : ओढायच्या नाहीत. नख सोंडेशी सपाट सरकवून सुटी करायची. मीठ टाकलं तर ती पोटातलं जखमेत ओकते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरण्यासारखं नाही, ते तिच्या लाळेमुळे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घरटी ४ जोड ठेवले आहेत.

साकवाच्या पलीकडे टॉर्च १० मिनिटं पूर्ण बंद. कुजक्या काटक्यांवरची चमकणारी बुरशी डोळे अंधाराला सरावल्याशिवाय दिसत नाही. ८ जणांत एकाने जरी मोबाइल उघडला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. मोबाइल आधी पिशवीत जमा.

५ जुलै

टीसीएलचा हिशेब बदलला. पाणीपुरवठ्याच्या नेहमीच्या मापाने १,००० लिटरला २.५ ग्रॅम. घर ३ ची विहीर ३ मीटर व्यासाची. मे महिन्यात पाणी ४ मीटर होतं : ३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर, पावडर ७० ग्रॅम. आज पाणी ७ मीटर, म्हणजे सुमारे ४९,५०० लिटर, पावडर १२४ ग्रॅम. घरात मात्र मे महिन्याचाच चमचा चालू होता. ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन तपासायची चाचणी) पिवळा रंग आलाच नाही, तेव्हा लक्षात आलं.

दुसरं कारण पावडर. गोणी पडवीत उघडी, दमट हवेत तिचा क्लोरीन उडतो, वास येत राहतो आणि जोर गेलेला असतो. आता घट्ट झाकणाच्या बरणीत, एका वेळी महिन्याचीच.

पद्धत पुन्हा सगळ्यांना दाखवली : बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा, मग पाणी भरून ढवळायचं, १० मिनिटं स्थिर. वरचं निवळ विहिरीत, खालचा चुना नाही. घागर वरखाली करून ढवळायचं. पाणी अर्ध्या तासानंतरच भरायचं.

९ जुलै

अंथरुणं. काथ्याच्या गाद्यांना बुरशी, ११ पैकी ७. पुढच्या खरेदीत फोम आणि धुता येणारं रेक्झिनचं आवरण. चादरी ३-४ दिवस वाळत नाहीत, म्हणून खाटेमागे ४ जोड लागतात, २ नव्हे. चुलीवरच्या माळ्यावर वाळवल्या की धुराचा वास. काही पाहुण्यांना तो आवडतो, काही तक्रार लिहितात. पांघरुणं पॉलिस्टरची घेतली. पाहुण्याला सुती हवं असतं, पावसाला पॉलिस्टर.

११ ते २६ जुलै

लावणी. मुक्काम ६ घरांऐवजी २ घरांत, रात्रीची फेरी आठवड्यातून २ वेळा. दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसाला संध्याकाळी वाट दाखवायला नेलं की चूक होते. मागणी नेमकी याच पंधरवड्यात सगळ्यात जास्त असते. सोडायची. भात वर्षभराचा, पाहुणा दोन रात्रींचा.

'आम्हीही लावणी करू' म्हणणारे पाहुणे : एका वेळी ४, एका कोपऱ्यात, मालकाने ठरवलेल्या. त्यांनी लावलेल्या ओळी मागाहून पुन्हा लावाव्या लागतात, त्याची मजुरी दरात धरली आहे.

१८ जुलै

वीज ३ दिवस नाही, मोबाइलही नाही. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तास, म्हणजे १,८०० वॉट-तास. निम्मीच उपसायची, त्यातही तूट जाते, हाती ७०० च्या आसपास. दिवे ९ वॉटचे ८, ५ तास : ३६०. मोबाइल १० : १५०. एकूण ५१०. बसतं, पण एका रात्रीपुरतं. एकाने हेअर ड्रायर लावला आणि दोन मिनिटांत अंधार. सॉकेटवर कागद चिकटवले, 'फक्त मोबाइल'.

बुकिंगची यादी दर शुक्रवारी कागदावर उतरवायची. यूपीआय बंद पडतं, रोख आणायला सांगायचं.

२ ऑगस्ट

वाटेवर मलबारी चापडा (विषारी साप), ४८० मीटर, करवंदीच्या फांदीवर, छातीच्या उंचीला. तो शिकारीसाठी दिवसेंदिवस त्याच जागी बसतो, त्यामुळे हलवायचा नाही, वाटच १.५ मीटरने वळवली. सगळ्या गाइडना जागा दाखवली. हाकलला तर उद्या तो कुठे आहे ते माहीत नसेल. आता माहीत आहे.

दंशाची तयारी पुन्हा तपासली. भारतात मिळणारी सर्पविषावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर आहे, चापड्यावर नाही. त्याच्या दंशात दवाखान्यात लक्षणांवर उपचार होतात. तरीही दवाखाना लागतोच, कारण साप कुठला हे अंधारात नक्की सांगता येत नाही, आणि सड्यावर फुरसं आहे. करायचं ते : हालचाल बंद, अवयवाला फळी, अंगठ्या आणि बांगड्या काढणे, दंशाची वेळ कागदावर, १०८. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. सावंतवाडी सुमारे ३० किमी, वाटेत घाट, धुक्यात तासाहून जास्त. म्हणून फेरीच्या वेळी एक गाडी वाटेच्या तोंडाशी, चालकासह, तोंड बाहेरच्या दिशेला करून.

१४ ऑगस्ट

पैसे आणि पाळी. गेल्या वर्षी घरांना बुकिंगप्रमाणे पाळी होती, एक घर एक बुकिंग. दिसायला न्याय्य. पण घर १ ला २ माणसं १ रात्र आली, घर ४ ला ५ माणसं ३ रात्री. पाळी दोघांची एकच, काम २ विरुद्ध १५. आता हिशेब माणशी-रात्रीचा : ज्या घराच्या माणशी-रात्री सगळ्यात कमी, त्याला पुढचं बुकिंग. वही ग्रामपंचायतीत उघडी, कुणीही पाहावी.

तरी एक गळती राहते. पाहुणे फोनवर 'गेल्या वेळचंच घर' मागतात. दिलं तर पाळी मोडते, नाही दिलं तर पाहुणा मोडतो. सध्याचा तोडगा : द्यायचं, पण त्या माणशी-रात्री दुप्पट मोजायच्या. तक्रारी कमी झाल्या, संपल्या नाहीत.

दर : माणशी रात्र १,४०० रुपये, दोन जेवणं आणि न्याहारी धरून. त्यातले १,२०० घराला, २०० सामायिक निधीला. फेरी माणशी ३००. आठांचे २,४००. गाइड ७०० प्रमाणे १,४००, उरलेले १,००० वाटेच्या निधीत. गाइडचा दर माणसांवर नाही, फेरीवर आहे. माणशी दिला की नववा, दहावा पाहुणा 'जाऊ द्या' म्हणून घुसतो.

जेवणात रानभाज्या घराच्या मर्जीने : टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. शेवळं फक्त जाणत्या हाताने आणि आंबट घालून, नाहीतर घसा खाजतो. अळंबी पाहुण्यांना नाही, कितीही ओळखीची असली तरी.

गणपती

मुक्काम बंद, विसर्जनापर्यंत. घरोघरी चाकरमानी आलेले, माजघरात पाय ठेवायला जागा नाही. सूचना फलकावर जूनपासूनच आहे.

२१ सप्टेंबर

सड्यावर फुलं. सीतेची आसवं दाट, मधे दवबिंदू. दोन्ही कीटकभक्षी : दगडावरची माती बोटभर, तीत नायट्रोजन नाही, तो किड्यातून मिळवायचा. त्यांना खत म्हणजे विष, म्हणून गुरं चरायला न्यायच्या वाटेवरही या तुकड्याला वळसा दिला. गुराख्यांशी बोलणं आमच्या समितीने नाही, त्यांच्याच वाडीतल्या गाइडने केलं. त्याचा फरक पडला.

फोटोसाठी फुलांत झोपणारे ३ जण दोरीच्या आत सापडले. दोरी गुडघ्याच्या उंचीला होती, ओलांडता येते. कमरेपर्यंत नेली तर फोटोत येते आणि लोक ती खाली ओढतात. गुडघाच ठेवला, गर्दीच्या दिवशी एक माणूस उभा.

१२ ऑक्टोबर

हंगाम बंद. वाटेची पाहणी : तिरप्या ११ ओळींपैकी १० चालू, क्र. ६ चं तोंड मुळाने बुजलं. उलट्या उताराच्या ५ जागा, पाचही कोरड्या आणि स्वच्छ. पुढच्या वर्षी ओळी आणखी कमी करायच्या. नव्या वळणावर दोन ठिकाणी लोकांनी आडवाट पाडली, तिथे काटेरी करवंद लावायची.

साकवाचे दांडे काढले. ७ पैकी ४ अजून पक्के, गोठ्याला दिले.

खुंट्या काढल्या, गंज घासला, जळकं तेल लावून ग्रामपंचायतीच्या पडवीत ठेवल्या. भरल्या ३९. क्र. १७ सापडत नाही. ती डबक्यांच्या अंगाला होती, डिसेंबरात गवत वाळलं की पुन्हा शोधायची.